भाऊंचा धक्का

दळवीभाऊंची ओळख झाली तेव्हा मला धक्का बसला असं मी म्हणणार नाही. मला तो द्यावा लागला. अजूनही दर रविवारी देतो.

नवीन पनवेलच्या या इमारतीत आम्ही सामान टाकलं तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोक्यांच्या ढिगाऱ्यात चहाचं पातेलं शोधत होतो, तेवढ्यात खालून खणखणीत आवाज आला, "पहिला मजला, नवं बिऱ्हाड, जरा खाली येता का? बाई सुरू होत नाहीत."

माझी बायको माधवी हातातला डबा तसाच धरून उभी राहिली. "कोणाला तरी फेफरं आलंय वाटतं," ती म्हणाली. "जा लवकर. पाणी घेऊन जा."

मी एका पायात माझी आणि एका पायात तिची चप्पल घालून, पाण्याचा तांब्या सांभाळत खाली धावलो. खाली सायीच्या रंगाची एक जुनी पद्मिनी गाडी उभी होती. तिच्या मागच्या बाजूला बनियनवरची पाच-सहा माणसं हात टेकून तयारीत होती. आणि आत, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेले, पांढरे केस चापूनचोपून बसवलेले एक सडपातळ गृहस्थ स्टिअरिंग धरून बसले होते. त्यांनी माझ्या तांब्याकडे पाहिलं.

"पाणी राहू द्या, रेडिएटर भरलेला आहे. तुम्ही उजवा दिवा धरा. ती जागा रिकामी आहे."

माझ्या नव्या आयुष्याची सुरुवात अशी उजव्या दिव्यापाशी झाली. गाडी सुरू झाली तेव्हा पहिला धूर माझ्या तोंडावर आला. घरी परतलो तर माधवीनं आधी दार लावूनच घेतलं.

भाऊ रसायनीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त होऊन जमाना झाला, पण स्टोअर काही अंगातून गेलं नाही. घरातली साखर संपली तर ते 'साखर स्टॉकात नाही' म्हणतात. कोणाला पाना दिला तर 'इश्यू केला' म्हणतात, आणि तो परत येईपर्यंत त्या माणसाला जिन्यात अडवून त्याच्या प्रकृतीची चौकशी करत राहतात. धक्क्याच्या जागाही त्यांनी अशाच ठरवून दिलेल्या. उजवा दिवा, डावा दिवा आणि डिकीमध्य. डिकीमध्य ही मानाची जागा. तिथे पोचायला मला इतकी वर्षं लागली की त्या मानानं बेलापूरच्या ऑफिसातलं माझं प्रमोशन झटपट झालं म्हणायचं. गावाला जायचं असेल तर आदल्या दिवशी भाऊंना कळवायचं आणि बदली माणूस द्यायचा. एकदा मी बदलीला माझ्या मेव्हण्याला पाठवलं. भाऊंनी त्याच्या दंडाकडे पाहून "माल परत" असा शेरा मारला.

गाडीला ते 'बाई' म्हणतात आणि आदरार्थी बहुवचन वापरतात. बाईंना थंडी सोसत नाही. बाईंना घाटात बोलणं खपत नाही. बाई थोड्या गळतात, म्हणून इंजिनाखाली स्टीलची परात ठेवलेली असते. कुठल्याशा लग्नात मिळालेली, काठावर वधूवरांची नावं कोरलेली. वर्षानुवर्षं त्या दोघांच्या संसारावर तेल ठिबकतंय.

रविवारचा विधी ठरलेला. भाऊ आत बसणार, चोक ओढणार, देवाला हात जोडल्यासारखा स्टिअरिंगला हात लावणार आणि किल्ली फिरवणार. 'टक्.' बस्स. पुन्हा 'टक्.' मग ते शांतपणे उतरून जाहीर करणार, "सेल्फ घेत नाही."

सेल्फ म्हणजे गाडी ज्यानं स्वतःची स्वतः सुरू होते ते यंत्र, एवढं ज्ञान मला इतक्या वर्षांत झालंय. बाईंचा सेल्फ काही घ्यायचा नाही. मग धक्का. पण लगेच नाही. कोणी उतावीळपणे डिकीला हात लावला तर भाऊ म्हणत, "घाई नको. बाईंना घाई आवडत नाही."

आधी बॉनेट उघडायचं. आम्ही सगळे आत डोकी घालायचो. आमच्यातल्या एकालाही इंजिनातलं काही कळत नाही, पण बॉनेटमध्ये डोकं घातलं की माणूस खरं बोलायला लागतो असा माझा अनुभव आहे. कोणाची साखर वाढली, कोणाच्या मुलाचा विषय राहिला, कोणाचं सासूशी बिनसलं, सगळं त्या कार्बोरेटरला माहीत आहे. तेवढ्यात भाऊ वर जाऊन पोह्यांचं पातेलं आणि चहाचा थर्मास घेऊन येत. खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड, सगळं जागच्या जागी. हे पोहे आधीच तयार कसे असतात, हा प्रश्न आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात कधी आला नाही. गाडी बंद पडणार हे भाऊंच्या पोह्यांना आदल्या रात्रीपासून माहीत असायचं, आणि आम्ही बशी पुढे करत म्हणायचो, "भाऊ, बॅटरी बघा एकदा."

पोहे झाले की आपापल्या जागा. "हां... येऊ द्या... येऊ द्या... सोडतो क्लच." बाई एक आचका देत, खोकत, आम्हाला काळं करत आणि निघत. मग उद्यानाला वळसा घालून भाऊ परत येत आणि धक्कावाल्यांना तिघातिघांच्या खेपांत बसवून वडाळे तलावापर्यंत फिरवून आणत. माझ्या घरी गार हवेची गाडी आहे, बटण दाबलं की सुरू होते. तिच्यातून मी कधी तलावावर गेलेलो नाही.

या सगळ्याला 'भाऊचा धक्का' हे नाव म्हात्रेशेठनी दिलं. उरणजवळच्या मोरा बंदरातली लाँच मुंबईत जिथे लागते त्या धक्क्याचं नाव त्यांनी आमच्या पार्किंगला चिकटवलं. म्हात्रेशेठ आमच्या सोसायटीचे चेअरमन. मूळचे पलीकडच्या गावातले. शेतं गेली, तिथे इमारती आल्या, त्यातल्या एक-दोन त्यांनीच बांधल्या. गळ्यात बोटभर जाडीची साखळी. धक्का देताना ती बनियनच्या आत टाकतात. डावा दिवा त्यांचा.

"भाऊ, ही गारी हाय का मढं हाय?" ते दर रविवारी विचारायचे. "दर आठवड्याला खांदा द्यायचा आमी?"

"खांदा नको, तळवा लावा," भाऊ म्हणायचे. "साखळीनं रंग जातो."

हे असंच चाललं असतं. पण इमारतीत विजेवरच्या गाड्या आल्या, त्यांना चार्जिंगची जागा हवी झाली, आणि मीटरच्या खोलीला लागून जी एकच सोयीची जागा होती तिथे बाई परातीवर उभ्या होत्या.

सभा भरली. सभेला एका घरातून एक माणूस येतो, आणि तो बहुधा संध्याकाळी घरात नको असलेलाच असतो, म्हणून आम्ही धक्कावाले सगळे हजर होतो. म्हात्रेशेठनी घसा खाकरला.

"भाऊ, राग मानू नका. पार्किंग गारीसाठी हाय. जी स्वताहून सुरू व्हत नाय ती गारी नाय. ते सामान. आनी सामान पार्किंगला ठेवता येत नाय, तसा नियम हाय."

"बाई सामान नाहीत," भाऊ म्हणाले.

"मंग दाखवा ना. येत्या रविवारी कोनी हात लावनार नाय. तुमी किल्ली फिरवा. सुरू झाली तर जागा तुमची, मी सोता पाटी लावतो. नाय झाली तर जागा मोकली करा."

बाईंना दुसरी जागा नव्हती. भाऊंचा मुलगा खारघरला उंच टॉवरमध्ये राहतो. तो बाबांना कधीचा बोलावतो आहे, मनापासून बोलावतो. पण त्यांच्या पार्किंगची फरशी आरशासारखी चकचकीत. तिथे परात ठेवायला परवानगी नाही. भाऊंच्या पत्नी, सुमनवहिनी, आम्ही इथे यायच्या आधीच गेल्या. म्हणजे जागा गेली की बाई भंगारात, आणि भाऊ खारघरला. साधा हिशोब होता. सभा संपल्यावर आम्ही एकमेकांकडे न बघता जिना चढलो. ज्या बाईंनी माझी कंबर कायमची वाकवली त्या जाणार म्हणून मला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय याचा रागही येत होता.

त्याच आठवड्यात, बुधवारी, सासऱ्यांना मोऱ्याला सोडायची कामगिरी माझ्यावर आली. त्यांना लाँचनंच मुंबईला जायचं होतं. बसमध्ये त्यांना मळमळतं आणि समुद्रात नाही, असं त्यांचं म्हणणं. रजा टाकून मी त्यांना घेऊन गेलो. दुपारची वेळ. सासरे विचारत होते, "अहो, भाऊच्या धक्क्याची लाँच कुठली?" आणि मी उत्तर देणार तर समोर, जाळी वाळत घातली होती त्याच्या शेजारी, भाऊच.

नुसते भाऊ नाहीत. बाईही. सायीचा रंग, तेच पुसून पुसून फिकं झालेलं बॉनेट.

मी सासऱ्यांना लाँचमध्ये बसवलं आणि परत आलो. भाऊ एका कोळणीकडून बोंबलांचा वाटा घेत होते. ती म्हणत होती, "आज लय उशीर केलात, भाऊ." म्हणजे हे नेहमीचं होतं. पिशवी मागे ठेवून ते गाडीत बसले. मी मनात म्हटलं, आता कळेल. इथे धक्का द्यायला कोण आहे? कोळणी?

भाऊंनी किल्ली फिरवली. बाई अशा सुरू झाल्या की जणू वाटच बघत होत्या. खोकला नाही, आचका नाही.

मी समोर जाऊन उभा राहिलो. मला पाहताच भाऊंनी झटकन किल्ली बंद केली, एक हात डॅशबोर्डखाली गेला, पुन्हा किल्ली फिरली. 'टक्.'

"बघा ना, कर्णिक," ते काचेतून डोकं काढून म्हणाले. "सेल्फ घेत नाही."

"भाऊ, मग इथवर आलात कसे? धक्का कोणी दिला?"

"इथला धक्का सिमेंटचा आहे," भाऊ म्हणाले. पण विनोद त्यांनाच धड झेपला नाही. त्यांनी शेजारचं दार उघडलं. "बसा."

डॅशबोर्डखाली एक छोटं काळं बटण होतं. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून पूर्वी लोक बसवून घेत तसलं चोरबटण. ते दाबलेलं असलं की सेल्फ नुसता टक् करून गप्प. भाऊंनी ते मला दोनदा करून दाखवलं. यंत्राबद्दल बोलताना त्यांना जरा बरं वाटत होतं.

"किती दिवस चाललंय हे?"

"बॅटरी एकदा खरंच बसली होती हो," भाऊ म्हणाले. "ही गेली त्याच्या पुढच्या महिन्यात. तेरावं झालं आणि यायचं-जायचं थांबलं. माणसं वाईट नव्हती. भेटायला येत. दहा मिनिटं टेकत, काय बोलावं ते सुचत नसे, मग घड्याळ बघत. त्या रविवारी बॅटरी बसली. मी कोणाला हाक मारली नाही, पण सगळे आपणहून खाली आले. म्हात्रे आले, वरचे सगळे आले. बारा वाजेपर्यंत कोणी वर गेलं नाही. भेटायला आलेला माणूस दहा मिनिटांत उठतो, कर्णिक. धक्का द्यायला आलेला थांबतो."

लाँच सुटली. भाऊ तिकडे बघत राहिले.

"मग मी बॅटरी बदलली. पण सांगितलं नाही."

"अहो, मग प्रश्नच मिटला," मी म्हणालो. "रविवारी बटण दाबू नका. किल्ली फिरवा. म्हात्रेशेठचं तोंड बंद."

"हो. मिटला."

प्रश्न मिटलेला माणूस मी इतका पडेल चेहऱ्याचा कधी पाहिला नव्हता. ते आरशाकडे बोट करून म्हणाले, "ढकलताना तुम्ही सगळे यात दिसता. एका ओळीत. हसत असता. तुम्हाला कल्पना नाही."

परतताना बाई पुढे आणि मी मागे. माझ्या नव्या गाडीनं त्यांना गाठता गाठता मला घाम फुटला.

रविवार आला. सकाळी माधवी खिडकीशी उभी होती. "आज खालून फोडणीचा वास नाही आला," ती म्हणाली.

खाली सगळी इमारत जमलेली. आम्ही हात मागे बांधून उभे. हातांना काही सुचत नव्हतं. भाऊ आत बसले. चोक ओढला. आरशात एकदा पाहिलं. मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होतो. तो डॅशबोर्डखाली गेला असता तरी मी समजू शकलो असतो. तो स्टिअरिंगवरच राहिला.

बाई पहिल्या सेल्फला सुरू झाल्या.

कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हात्रेशेठ पुढे आले. "बॅटरी नवीन टाकलीत वाटतं?"

किती सोपं होतं. 'हो' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मी डोळ्यांनी भाऊंना तेच सांगत होतो. पण माणूस स्टोअरचा. विचारल्यावर साठा लपवता येईना.

"नाही. जुनीच आहे. सेल्फही चांगला आहे. धक्क्याची गरज नव्हती."

"कवापासून?"

"आधीपासूनच."

म्हात्रेशेठनी बनियनच्या आत टाकलेली साखळी हळूच बाहेर काढली. तिसऱ्या मजल्यावरच्या देशपांड्यांनी आपल्या कमरेच्या पट्ट्याला हात लावला. गेली दोन वर्षं ते तो लावून धक्का देत होते. एकेक करून सगळे वर गेले. पाटी मात्र संध्याकाळी लागली. म्हात्रेशेठ शब्दाचे पक्के. 'दळवी' असं लिहिलेली पत्र्याची पाटी, भाऊंना हवी होती त्याच जागी. भाऊ जिंकले होते, आणि जिन्यात माणूस दिसला की तोंड वळवून चालत होते.

मोऱ्याची गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. त्या रात्री जेवताना माधवीला सांगितली. गाडी मला तिथे सुरू झालेली दिसली, एवढं ऐकून ती म्हणाली, "त्यात काय? दर बुधवारी दुपारी जातात की. इमारतीतल्या सगळ्या बायकांना माहीत आहे."

माझा घास हातातच राहिला. "मग बोलली का नाहीस?"

"रविवारी दोन-तीन तास तुम्ही घरात नसता. आम्ही कशाला बोलू?"

मी तिला पुढचं सांगितलं. दहा मिनिटांचं, धक्क्याचं, आरशाचं. ती पानात चटणी वाढता वाढता थांबली. "हे नव्हतं माहीत," ती म्हणाली. मग उठून हात धुतले आणि फोन घेऊन गॅलरीत गेली. मी फक्त बायकोला सांगितलं होतं. आमच्या इमारतीत याचा अर्थ सगळ्यांना, असा होतो.

पुढच्या रविवारी मी उगाचच लवकर उठलो आणि उगाचच जुना बनियन घातला. खिडकीतून बघतो तर भाऊ एकटेच खाली. परात बाजूला केली, काच पुसली, आत बसले. हाक नाही, काही नाही. किल्ली फिरवली. बाई सुरू झाल्या.

"बंद करा ती," जिन्यातून आवाज आला.

म्हात्रेशेठ खाली येत होते. बनियनवर. साखळी आत. त्यांच्या मागून देशपांडे, कमरेला पट्टा. मी दोन-दोन पायऱ्या उतरत सुटलो.

"काय झालं?" भाऊंनी विचारलं.

"बंद करा म्हनतंय ना. इंजिन चालू ठेवून काय धक्का देतात?"

"अहो, पण बाई सुरू आहेत. सेल्फ..."

"सेल्फचं आमाला नका सांगू. आमी काय नुस्ते बगायला उतरलो? बटन हाय ना खाली तुमचं? दाबा ते."

भाऊंनी आमच्याकडे पाहिलं. मग किल्ली बंद केली. इंजिन थांबलं. एक हात डॅशबोर्डखाली गेला. त्या शांततेत किल्ली फिरली. 'टक्.'

"आज पोहे नाहीत," भाऊ म्हणाले. "मला वाटलं, कोणी..."

"पवं आमच्या घरनं येतात," म्हात्रेशेठ म्हणाले. "हिनं कवाच भिजवलंत. पयलं बॉनेट उघडा. या देशपांड्यांच्या जावयाचं आईकलं का तुमी?"

देशपांड्यांच्या जावयाचं ऐकून, पोहे खाऊन, चहा पिऊन आम्ही आपापल्या जागी गेलो. मी डिकीमध्य. पत्रा उन्हानं कोमट झाला होता. आम्ही हात टेकले, पाय रोवले.

"भाऊ," म्हात्रेशेठ डाव्या दिव्यापाशी ओरडले, "आरसा जरा माझ्याकडं फिरवा. मी दिसतंय का बगा."

पुढून भाऊंचा हात वर गेला. त्यांनी आरसा थोडा डावीकडे केला. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. मागून आम्हाला फक्त तो हात दिसत होता आणि तो काही थांबत नव्हता. आरसा तर पहिल्यापासून नीटच होता.

आम्ही हात टेकून तसेच उभे राहिलो. कोणी ढकललं नाही. बाईंना घाई आवडत नाही.